बिऱ्हाड बदलतांना

आयुष्यांत मीं सात वेळां बिऱ्हाड बदललें आहे. शनिवार पेठेंतील दोन खोल्यांतून सदाशिव पेठेंतील तीन खोल्यांत, आणि तेथून फिरत फिरत अखेर नदीपलीकडच्या स्वतःच्या घरांत असा तो प्रवास झाला; आणि प्रत्येक वेळीं मला एकच अनुभव आला. नवें घर जुन्याहून चांगलें असो वा वाईट असो, पहिले पंधरा दिवस तें वाईटच वाटतें. रात्रीं उठून दिव्याचें बटण चाचपूं लागलें कीं हात जुन्या घराच्या भिंतीकडे जातो. जुन्या घरांत डाव्या हाताला असलेली मोरी नव्या घरांत उजव्या हाताला आहे, एवढ्या कारणावरून तें घर बांधणाराच्या बुद्धीविषयीं आपल्याला शंका येऊं लागते. पण महिना लोटला कीं तीच मोरी योग्य जागीं आहे असें वाटूं लागतें, आणि पुढें पाहुणे म्हणून दुसऱ्याच्या घरीं गेलें म्हणजे तेथली मोरी चुकीच्या बाजूला दिसते.

२०२५ च्या पावसाळ्याअखेर मला आठव्यांदा बिऱ्हाड बदलावें लागलें. या खेपेचें घर विटामातीचें नव्हतें. तें संगणकाचें होतें. परंतु मोरीचा अनुभव मात्र तोच आला, आणि त्याच्याबरोबर दुसरा एक असा अनुभव आला कीं, तो वाचकांना सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीं.

संगणक म्हणून जें यंत्र आपण विकत आणतों, तें स्वतः अगदीं मुकें असतें. कळ दाबली म्हणजे कोणतें अक्षर उमटवावें, लिहिलेला मजकूर कोठें ठेवावा, छपाईच्या यंत्राला हांक कशी मारावी, एकाच वेळीं चाललेल्या दहा कामांपैकीं कोणाला किती वेळ आणि किती जागा द्यावी, हें सारें ठरविणारा एक कारभारी त्यांत बसविलेला असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. मी त्याला नुसतें ‘प्रणाली’ म्हणेन. घरगुती संगणकांवर मुख्यतः तीन प्रणाल्या आढळतात. मॅकिंटॉश १९८४ च्या जानेवारींत बाजारांत आलें. विंडोजची पहिली आवृत्ति १९८५ सालीं निघाली. आणि लिनक्स हें १९९१ सालीं हेलसिंकी येथील लायनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें हौसेनें आरंभिलेलें काम. आमच्या कुटुंबांत या तिन्ही प्रणाल्यांचे उपासक आहेत, आणि शैव-वैष्णवांचे जुने वाद ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनीं दिवाळीच्या फराळाला आमच्याकडे यावें.

मी स्वतः विंडोजच्या पंथांतला. माझा व्यवसाय लहान दुकानदारांचे हिशेब आणि त्यांची करपत्रकें पाहण्याचा. माझीं गिऱ्हाइकें ज्या टॅलीमध्यें जमाखर्च लिहितात तो प्रोग्रॅम विंडोजसाठीं बनविलेला. डिजिटल सही करण्याची जी पेनसारखी वस्तु मला रोज लागते, तीहि तेथें विनातक्रार चालते. शिवाय विंडोजच्या अंगीं एक मोठा गुण आहे. जुन्याची ती आठवण ठेवते. पंचवीस वर्षांपूर्वीं व्याजाचे कोष्टक मांडण्यासाठीं घेतलेला एक चिमुकला प्रोग्रॅम माझ्याकडे अजून बिनबोभाट चालतो. जुन्या नोकराला म्हातारपणींहि घरांतून न घालविणारें असें हें घर आहे. अर्थात् अशा घरांत अडगळ फार सांठते. एकच मांडणी बदलण्याचीं दोन निरनिराळीं दालनें, एक जुनें व एक नवें, तेथें वर्षानुवर्षें शेजारीं शेजारीं नांदलीं आहेत.

माझी मुलगी मुंबईस चित्रपट-संकलनाचें काम करते. तिचा सारा संसार मॅकवर. ती ज्या फायनल कट नांवाच्या साधनानें चित्रें जोडते, तें विंडोजवर किंवा लिनक्सवर चालतच नाहीं. मॅकमध्यें यंत्रहि त्याच कंपनीचें आणि प्रणालीहि त्याच कंपनीची. त्यामुळें एकाच गवयानें गावें आणि त्यानेंच तंबोरा जुळवावा तसा तेथें मेळ असतो. झांकण उघडतांच यंत्र जागें होतें, आणि दिवसभर वीज जोडावी लागत नाहीं. पण या सुखाला किंमत पडते, आणि ती केवळ रुपयांचीच नव्हे. हल्लींच्या त्या यंत्रांत स्मरणशक्ति जेवढी घेतली तेवढीच जन्मभर. मागाहून वाढवितां येत नाहीं. शिवाय हें घर नव्याच्या ओढीनें जुन्याला निरोप देतें. १९९४, २००६ आणि २०२० अशा तीन वेळां त्यांनीं यंत्राचें काळीजच बदललें, आणि २०१९ सालीं तर जुन्या ३२-बिट पद्धतीच्या सर्व प्रोग्रॅमांना एका आवृत्तीसरशी दार बंद केलें. माझ्या व्याजाच्या कोष्टकाला तेथें ओसरीवरसुद्धां जागा मिळाली नसती.

माझा पुतण्या हिंजवडीस कामाला आहे, आणि तो लिनक्सचा. दूरवर बसून साऱ्या जगाचीं पत्रें, चित्रें आणि व्यवहार सांभाळणारे जे मोठे संगणक असतात, त्यांची देखभाल तो करतो. आणि त्या राज्यांत लिनक्सचेंच प्राबल्य आहे. जगांतील अत्यंत वेगवान अशा पांचशें संगणकांची जी यादी प्रसिद्ध होते, तींतील सर्वच्या सर्व यंत्रें २०१७ पासून लिनक्सवर चालत आलीं आहेत. या प्रणालीला पैसे पडत नाहींत हें खरें. पण पुतण्या म्हणतो कीं हा तिचा दुय्यम गुण. तिची सारी घडण लिहून जाहीर केलेली आहे. कोणीहि ती वाचावी, पटली नाहीं तर बदलावी, आणि बदललेली दुसऱ्याला द्यावी. म्हणजे हें भाड्याचें घर नव्हे. नकाशासकट हातीं दिलेलें घर. आतां नकाशा हातीं असला तरी गवंडीकाम आपल्याला येतें असें नव्हे. माझा कागद छापण्याचा आणि नकला घेण्याचा जोडयंत्र तेथें छापूं लागला, पण नकला घेईना. आणि त्याची समजूत काढण्यांत पुतण्याच्या दोन संध्याकाळी गेल्या.

या वादांत मी वीस वर्षें हिरिरीनें भाग घेतला आहे. आज मागें वळून पाहतां माझ्या ध्यानांत येतें कीं, आम्ही तिघेहि आपापल्या मोरीविषयीं बोलत होतों. मुलीला माझ्या यंत्रावरील खिडकी बंद करण्याची खूण उजव्या कोंपऱ्यांत दिसे आणि ती हंसे. मला तिची डाव्या कोंपऱ्यांत दिसे आणि मी हंसें. व्यवसायानें आमचीं घरें आधींच ठरवून टाकलीं होतीं. गुणदोषांची तुलना आम्ही मागाहून केली, आणि जें हातीं होतें तेंच कसें उत्तम हें सिद्ध केलें.

विंडोजच्या दहाव्या आवृत्तीची नेहमींची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. अकराव्या आवृत्तीला यंत्रांत सुरक्षेची एक विशिष्ट सोय लागते. माझ्या दहा वर्षांच्या यंत्रांत ती नव्हती. यंत्र धडधाकट होतें, पण नव्या घराच्या दारांतून तें आंत जाईना. तेव्हां मीं धंद्यासाठीं अकराव्या आवृत्तीचें नवें यंत्र घेतलें. आणि जुन्याचें काय करावें असा प्रश्न पडतांच पुतण्या म्हणाला, ‘काका, तें मला एका रविवारापुरतें द्या.’ त्यानें त्याच्यावर लिनक्स चढवून तें स्वयंपाकघराशेजारच्या मेजावर ठेवलें, आणि काकूंना कांहीं सांगूं नका अशी मला ताकीद दिली.

सौभाग्यवतींनीं आठ दिवस त्या यंत्रावर आगगाडीचीं तिकिटें काढलीं, बँकेचें पुस्तक पाहिलें, नातवाशीं गप्पा मारल्या आणि एक जुनें नाटकहि पाहिलें. नवव्या दिवशीं पुतण्यानें विचारलें, ‘काकू, यंत्रांत कांहीं फरक वाटतो का?’ त्या म्हणाल्या, ‘हो, हल्लीं लवकर सुरू होतें. तुझ्या काकांनीं धूळ पुसली वाटतें.’ माझ्या वीस वर्षांच्या युक्तिवादांचा निकाल या एका वाक्यांत लागला. रोजच्या कामांपैकीं बहुतेक कामें आतां ब्राउझरच्या एका खिडकींतून होतात. ती खिडकी कोणत्या भिंतींत बसविली आहे याची घरांतल्या माणसाला फिकीर नसते. आणि पुतण्यानें पुढें जेव्हां सांगितलें कीं, काकूंच्या हातांतील अँड्रॉइड फोनच्या गाभ्यांतहि लिनक्सच आहे, तेव्हां तर आमच्या घरांतील सर्वांत जुनी लिनक्स-उपासक कोण हें मला कळून चुकलें.

येथपर्यंत सारें हंसण्यावारी गेलें. नव्या यंत्रांत सामान लावतांना मात्र माझें हंसणें थांबलें.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असूं, शाळामास्तर होते. १९९९ सालीं घरांत पहिला संगणक आला तेव्हां त्यांचें वय सत्तर होतें. दोन महिन्यांत ते मराठी टंकलेखन शिकले, आणि पुढें दोन वर्षें रोज सकाळीं पूजा आटोपून ते आपल्या आठवणी लिहीत बसत. वाईजवळचें त्यांचें लहानपण, नदीला आलेले पूर, पहिल्या नोकरीची पंतोजीगिरी, बहिणींचीं लग्नें असे एकंदर अठ्ठावीस भाग झाले. २००४ सालीं अण्णा गेले. त्यांच्या त्या फायली मीं एका यंत्रावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर भक्तीनें वाहून नेल्या. त्या मीं मधून मधून उघडीत असें, एखादें पान वाचीत असें, आणि पुन्हां मिटून ठेवीत असें.

मध्यंतरीं एकदां मुलीनें त्या मागितल्या. तिच्या मॅकवर उघडल्या तर अण्णांच्या मराठीच्या जागीं रोमन अक्षरें, टिंबें आणि उलटसुलट खुणा यांचा नुसता चिवडा. मीं तिला म्हटलें, ‘पाहा तुझें तें देखणें यंत्र! साधें मराठी वाचतां येत नाहीं.’ पुतण्याच्या लिनक्सवरहि तोच चिवडा, आणि त्यालाहि मीं तेंच ऐकविलें. माझ्या विंडोजवर मात्र अण्णांचा शब्द न् शब्द स्वच्छ दिसत असे. वादांत माझ्या हातीं असलेलें हें ब्रह्मास्त्र होतें.

नव्या यंत्रावर मीं पहिली फाईल उघडली ती अण्णांची. विंडोजच तें, आणि पूर्वींच्याहून नवें. पण पडद्यावर चिवडाच होता.

मीं दुसरी फाईल उघडली, तिसरी उघडली. तोंडाला कोरड पडली. पुतण्याला बोलावलें. तो पांच मिनिटें पाहत राहिला आणि सौम्यपणें म्हणाला, ‘काका, हें विंडोजनें कधींच वाचलेलें नव्हतें.’

त्यानें मला जें समजाविलें तें असें. अण्णांनीं जें मराठीचें साधन वापरलें, त्यांत मराठी अक्षरांना स्वतःचा असा क्रमांकच नव्हता. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार चिकटविलेले होते. संगणकाच्या लेखीं अण्णा दोन वर्षें रोमनच लिहीत होते. त्याच्यावर मराठीचा मुखवटा होता, आणि तो मुखवटा म्हणजे ‘फाँट’ एवढा एकच माझ्या जुन्या यंत्राच्या एका कप्प्यांत पडून राहिला होता. जुनें घर होतें तोंवर मुखवटा होता; म्हणून मला मजकूर दिसे. प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा, त्यामुळें एकाचें लेखन दुसऱ्याला वाचतां येत नसे. जगांतील लिपींच्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक देण्याची युनिकोड नांवाची योजना १९९१ सालींच प्रसिद्ध झाली होती आणि तींत देवनागरीहि होती; परंतु ती देवनागरी विंडोजमध्यें आली ती २००० सालच्या आवृत्तींत. आज तिन्ही प्रणाल्यांत ती सारखीच नांदते. अण्णांनीं वर्षभर वाट पाहिली असती तर कदाचित् हा प्रसंग आला नसता. पण सत्तरीच्या माणसाला वाट पाहा असें कोणीं सांगावें?

जुन्या यंत्रावर लिनक्स चढविण्यापूर्वीं पुतण्यानें त्यांतील सर्व कप्पे जपून ठेवले होते, म्हणून फाँट मिळाला. तो नव्या यंत्रावर ठेवतांच अण्णा पुन्हां बोलूं लागले. मीं सुटकेचा निःश्वास टाकला आणि म्हणालों, ‘झालें काम.’ पुतण्या म्हणाला, ‘काका, हा फाँट तुम्ही जपाल. तुमच्यामागें कोण जपणार?’ या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें.

मग आम्हीं दोघांनीं मिळून तें काम आरंभिलें. कोणत्या रोमन खुणेच्या जागीं कोणतें मराठी अक्षर, याचें कोष्टक करावयाचें; आणि तें वाचून मजकूर पालटणारा प्रोग्रॅम पुतण्यानें लिहावयाचा. काम दिसतें तितकें सरळ नव्हतें. टंकलेखनांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं उमटवीत, युनिकोडमध्यें ती अक्षरानंतर येते. रफार टंकलेखनांत मागाहून देत, आतां तो आधीं लागतो. हीं स्थलांतरें पुतण्यानें झटपट साधलीं. पहिला भाग पालटून त्यानें अभिमानानें माझ्यापुढें ठेवला. मीं वाचूं लागलों. पहांटेच्या वेळीं गांवाभोंवतालच्या ‘दर्यांतून’ धुकें वर येत होतें, आणि आत्याच्या लग्नांत ‘आचार्यांनीं’ जिलब्या तळल्या होत्या!

मला हंसूं आवरेना. वाईजवळ दर्या कोठून आला? त्या दऱ्या होत्या, आणि जिलब्या तळणारे आचार्य नव्हते, आचारी होते. मराठींत रफाराचा ‘र’ निराळा आणि ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ यांतला आडवा ‘र’ निराळा. पुतण्याचें सारें शिक्षण इंग्रजींतून झालेलें. दोन्ही र त्याला एकच वाटले, आणि प्रोग्रॅमानेंहि त्याचीच समजूत उचलली. युनिकोडनें या आडव्या रकाराची सोय ठेवलेली आहे. ती वापरावयाची हें सांगणारा माणूस मात्र लागतो. त्या दिवसापासून रोज रात्रीं पुतण्या यंत्राशीं आणि मी कोष्टकाशीं, असे आम्ही तीन आठवडे बसलों. त्यानें मला यंत्र कसें विचार करतें तें शिकविलें, मीं त्याला आजोबांचें मराठी शिकविलें. पालट झाला तो लिनक्सवर. पानें मुलीनें लावलीं तीं मॅकवर. आणि मुद्रितें मीं तपासलीं तीं विंडोजवर. वादाचा एकहि शब्द त्या तीन आठवड्यांत निघाला नाहीं.

आतां कोणी मला विचारतो, कोणती प्रणाली घ्यावी? मी त्याला प्रथम विचारतों, तुमचें काम काय? ज्या साधनावांचून तें अडेल तें साधन जेथें चालत असेल, तेथें राहावें; हिशेबनिसानें माझ्यासारखें, संकलकानें मुलीसारखें. काम केवळ पत्रव्यवहाराचें व वाचनाचें असेल, आणि घरांत एखादें धडधाकट जुनें यंत्र पडून असेल, तर त्याला भंगारांत घालण्याआधीं पुतण्याच्या पंथाची परीक्षा पाहावी. पण याहून महत्त्वाचा एक प्रश्न आहे, आणि तो मीं वीस वर्षांत एकदांहि विचारला नव्हता: हें घर सोडावें लागेल तेव्हां माझें सामान मला बाहेर नेतां येईल का? जें आपण लिहितों तें सर्वांना वाचतां येईल अशा अक्षरांत आणि कोठेंहि उघडेल अशा साध्या रूपांत आहे कीं नाहीं? विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर असतें म्हणून आपण त्याची थट्टा करतों. संगणकाच्या बाबतींत मात्र विंचवाचाच कित्ता गिरवावा असें मला वाटूं लागलें आहे.

अण्णांच्या अठ्ठावीस भागांपैकीं सव्वीस आज आमच्या कुटुंबांत प्रत्येकाच्या फोनवर आहेत. उरलेले दोन वाचतां आले नाहींत. ते अण्णांनीं त्या मराठी साधनाच्या खास स्वतःच्या पद्धतीनें सांठविले होते, आणि तें साधन जें कुलूप यंत्राला जोडल्यावांचून चालत नसे, तें जोडण्याची जागा आजच्या यंत्रांना नसते. त्या दोहोंपैकीं एका भागाचें नांव ‘गृहप्रवेश’ असें आहे. त्यांत माझी आई प्रथम आमच्या घरीं आली त्या दिवसाची हकीकत असावी. पुतण्या अजून खटपट करतो आहे. बोटाएवढें तें कुलूप मीं माझ्या मेजाच्या खणांत जपून ठेवलें आहे.